उळ्याचं कार्ड

आम्ही तिघं रिटायर माणसं दर गुरुवारी नाशिकच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसून जिल्ह्यातले जुने शब्द गोळा करतो. तीन वर्षांत शब्द जमले टोपलीभर आणि किस्से पोतंभर!

सोनवणे अंबडच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. प्रत्येक शब्दाच्या कार्डावर ते 'ओके' नाहीतर 'रिजेक्ट' शिक्का मारतात. एकदा टपरीवरचा चहा गार आला, तर कपाखाली 'रिजेक्ट'चं कार्ड ठेवून परत पाठवला. मग आठवडाभर आम्हाला चहाच मिळाला नाही.

त्यांचा नियम एकच. शब्द कुणाच्या तोंडात घालायचा नाही. माणूस आपणहून बोलला, तरच कार्डावर 'बोलणारा' म्हणून त्याचं नाव. पाटीखालच्या कापडाच्या वेटोळ्याचा 'चुंबळ' हा शब्द हवा होता, म्हणून त्यांनी डोक्यावर पाटी घेतलेल्या भाजीवालीला विचारलं, डोक्यावर काय आहे?

"भाजी हाय."

"आणि भाजीच्या खाली?"

"डोकं," म्हणाली आणि गेली.

दुसरे आमचे गुरुजी. यजमानांच्या सात पिढ्या वहीत काढून देणारा माणूस, शब्दालाही कूळ विचारतो. मी 'उळे' आणला तेव्हा दोन आठवडे त्यांनी संस्कृतात शोधाशोध केली. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "गोत्र लागत नाही. काश्यप लिहा."

उळे म्हणजे कांद्याचं बी. बाबा त्यातून उगवलेल्या कोवळ्या रोपांनाही उळेच म्हणायचे. 'उळे' लिहायचं की 'उळं', यावर एक गुरुवार गेला. बोलणारा म्हणून मी बाबांचं नाव घातलं होतं. बाबा गेले, त्यांचं नाव कुठेतरी छापलेलं राहावं एवढीच माझी इच्छा. पण सोनवणेंनी 'रिजेक्ट'चा शिक्का उचलला. मुलीच्या साक्षीवर भागत नाही, आज बोलणारं एक तरी माणूस हवं. आणि सोमवारी आमच्या शब्दांचं पुस्तक प्रेसला जाणार होतं. मला त्यांचा असा राग आला की बस्स.

शनिवारी तिघं विंचूरला गेलो. बाजारात एका शेतकऱ्याजवळ रोपांची जुडी होती. सोनवणेंनी नियमाप्रमाणे ती पुढे धरून विचारलं, हे काय?

तो आमच्याकडे बघतच राहिला. "कांदा. शहरात नाय का मिळत?"

दुपारपर्यंत सहा जणांना विचारलं. कुणी रोप म्हणालं, कुणी 'तुम्ही कृषी खात्याचे का' म्हणालं. तो शब्द काही कुणाच्या तोंडून येईना. मी बाबांचं कार्ड पर्समध्ये ठेवून दिलं. त्या पहिल्या शेतकऱ्याला आमची दया आली असावी, मळ्यात चहाला चला म्हणाला.

मळ्यात बांधावरून चालताना माझा पाय घसरला आणि थेट हिरव्यागार वाफ्यात जाऊ लागला. मागून सोनवणे ओरडले. तीन वर्षं मला अहो मॅडमशिवाय हाक न मारलेला माणूस!

"ए! उळ्यात पाय घालू नको, तंगडं मोडीन!"

मी तिथल्या तिथे थांबले. शेतकरी हसायला लागला.

सोनवणे जरा वेळ त्या वाफ्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडे कार्ड मागितलं, खिशातला शिक्का काढून 'ओके' मारला. मला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले.

बाबांच्या नावाखाली त्यांनी आणखी काहीतरी लिहिलं आणि कार्ड परत दिलं. मी वाचलं.

बोलणारा : माझी आई.