पिंजऱ्यातली कोंबडी कुणी खाल्ली?

चहा घ्या आधी. कारण मी आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, तुम्ही हसलात की माझं डोकं फिरणार, आणि मग चहा तसाच गार होणार. फजिती माझीच आहे, कबूल. पण रागही माझाच आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी वनरक्षक. चाकणच्या पुढे एमआयडीसी संपते आणि ऊस सुरू होतो, तिथं आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक जीप आणि एक फोन. जीप डिझेलवाचून उभी असते, फोनला मात्र क्षणाची उसंत नाही. "मॅडम, बिबट्या आलाय." धावत जावं तर बोका. "मॅडम, आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये माकड शिरलंय, शिफ्ट थांबलीये." मग मी काय करू, माकडाला गेटपास देऊ? परवा एकानं फोटो पाठवला, बिबट्या एटीएमच्या रांगेत उभा. मोबाईलवर बनवलेला, हे शेंबडं पोरही सांगेल. वर हा विचारतो, "मॅडम, कारवाई कधी?" अशा नोकरीत राहून माणूस गोड बोलत असेल तर त्याचीच तब्येत तपासायला हवी.

आमचे पप्पा पिंपरीला कंपनीत मशिनवर होते. ते म्हणतात, "बाई, तुझा पारा चढला की तुला समोरचं दिसायचं बंद होतं." मी म्हटलं, पप्पा, एक दिवस माझा फोन तुम्ही घ्या, मग बोलू.

तर एकदा खरोखरीचा बिबट्या आला. सोपानतात्यांच्या दारातून त्यांचं कुत्रं उचलून नेलं. हे सोपानतात्या गावातले जुने बागायतदार. अर्धी जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या अर्धीत ऊस, आणि उसाच्या कडेला पत्र्याच्या खोल्या काढून भाड्यानं दिलेल्या. त्या खोल्यांमागेच मी पिंजरा लावला.

आमचा पिंजरा तुम्ही बघितला नसेल. लांबलचक लोखंडी डबा. एका टोकाला वरून खाली पडणारं दार, दुसऱ्या टोकाला कोंबडी बांधायची, मधे एक फळी. बिबट्या कोंबडीच्या वासानं आत शिरतो, त्याचा पाय फळीवर पडतो आणि दार धाडकन खाली येतं. नव्या पिंजऱ्यांत कोंबडीला वेगळा कप्पा असतो, म्हणजे ती बिचारी वाचते. आमच्या पिंजऱ्यातला तो कप्पा कधीच गंजून गेला. वरून सगळ्या पिंजऱ्यावर उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं रचायचं, म्हणजे बिबट्याला लोखंड दिसत नाही. वाढं मी स्वतःच्या हातानं रचलं. काम इतकं झकास झालं की मीच दोन पावलं मागं जाऊन बघत उभी राहिले.

सकाळी गेले तर दार उघडं आणि कोंबडी गायब.

दुसरी बांधली. तीही गेली. तिसरीही गेली. दार आपलं जसंच्या तसं वर. ठसे बघावेत तर जमीन मुरमाची, त्यावर काय उमटणार? नुसती पिसं पडलेली. आमच्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, तुम्ही पिंजरा लावलाय की खानावळ काढलीये?"

आता तुम्हीच सांगा, राग येणार नाही का? मी शांतपणे विचार केला. म्हणजे मला तेव्हा तो शांतपणाच वाटत होता. बिबट्यानं खाल्ली असती तर फळी दाबली गेली असती आणि दार पडलं असतं. दार पडलेलं नाही. याचा अर्थ, खाणाऱ्याला फळी ओलांडून जायची अक्कल आहे. म्हणजे चोर दोन पायांचा.

आणि पिंजऱ्याला सगळ्यात जवळची खोली कुणाची? मारोती आणि त्याच्या दोस्तांची. नांदेडकडची पोरं, कंपनीत कंत्राटी कामाला. रविवारी मी तिथून जाताना त्यांच्या खोलीतून रश्श्याचा वास आला होता. झालं, मला पुरावा मिळाला. मी सरळ दारात जाऊन उभी राहिले.

"कोंबडी कुणी खाल्ली?"

मारोती नुकताच झोपेतून उठला होता. "कोणती कोंबडी, मॅडम?"

"सरकारी कोंबडी."

"आमी कामून खाऊ? सेकंड शिफ्ट करून त्याच रस्त्यानं येतो आमी. बिबट्या धरला जावा म्हणून तर आमीच देवाला हात जोडायलाव."

"मग रविवारी रस्सा कसला शिजत होता?"

"रविवार होता, मॅडम," तो म्हणाला.

या उत्तरात काय चूक होती? काहीच नाही. पण तेव्हा मला ते उद्धट वाटलं, आणि मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो पार सोपानतात्यांच्या अंगणापर्यंत ऐकू गेला. तात्या धोतर सावरत आले.

"मॅडम, तुमी म्हंता म्हंजी खरंच आसंल. सरकारी मालाला हात लावणारी पोरं मला न्हाई पायजेत. उद्याच्याला खोली मोकळी करा रं."

पोरांचे चेहरे उतरले. या भागात चार बिनलग्नाच्या पोरांना खोली मिळणं किती अवघड आहे हे मला काय माहीत नाही? त्यात मारोतीची आई गावाहून आली होती, डोळ्याच्या ऑपरेशनला. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं ती कधी माझ्याकडे बघत होती, कधी पोराकडे. "बाई, माझं लेकरू खोटं न्हाई बोलत," एवढंच ती म्हणाली. मला वाईट वाटलं. पण रागापुढं वाईट वाटण्याचं काय चालतंय?

मी ठरवलं, आता पक्का पुरावाच दाखवते. आमच्याकडे ट्रॅप कॅमेरा असतो, समोर काही हललं की आपोआप व्हिडिओ काढतो. सरकार तो बिबट्यासाठी देतं. मी तो मारोतीसाठी लावला. त्याच्यासमोरच नवी कोंबडी बांधली आणि वर सुनावलं, "घे, आता खाऊन दाखव."

सकाळी कार्ड काढलं आणि थेट तात्यांच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. गाव जमलं. एका बाजूला पोरं उभी, गाद्या-बोचकी बांधून तयार. बोचक्यावर आई बसलेली. खरं तर आधी एकटीनं बघून घ्यायला काय झालं होतं? पण नाही, मला सगळ्यांसमोर नाक कापायचं होतं. कुणाचं ते ठरायचं होतं. मी सरकारी मालमत्तेवर छोटंसं भाषण ठोकलं आणि व्हिडिओ लावला.

उसातून बिबट्या आला. आरामात. इकडं तिकडं न बघता पिंजऱ्यात शिरला. फळीवर पाय दिला. फळी दबली. मग त्याच फळीवर बसून त्यानं कोंबडी खाल्ली, पंजा चाटला, अंग ताणलं आणि आला तसा निघून गेला. दार हललंसुद्धा नाही.

 तात्या खाकरले. "मॅडम, ह्यो मारोती न्हाई."

"मला दिसतंय, तात्या."

"मंग दार का न्हाई पडलं?"

हाच प्रश्न मी पहिल्या सकाळी विचारायला हवा होता. सगळं गाव माझ्यामागून पिंजऱ्यापाशी आलं. मी दारावरचं वाढं ओढून काढलं. खाली तार होती.

सांगते. पिंजरा टेम्पोतून आणताना खड्ड्यांत आदळून दार पडू नये म्हणून ते वरच्या वर तारेनं बांधतात. जागेवर पोचल्यावर पहिलं काम, तार सोडायची. हे आमच्याकडे अगदी सुरुवातीला शिकवतात. मी ती तार तशीच ठेवली आणि तिच्यावर वाढं रचून कौतुकानं बघत बसले.

म्हणजे इतके दिवस बिबट्या खानावळीत जेवायला यावा तसा येत होता आणि मी पोरांना चोर ठरवत होते.

या वेळी माणसानं काय करावं? माफी मागावी. मी काय केलं? चिडले. टेम्पोवाल्यावर चिडले, रस्त्यांवर चिडले, बिबट्यावर तर फारच चिडले. पक्कड घेतली, "सोडा, मीच काढते," म्हणत पिंजऱ्यात शिरले, आणि आतून तार पिळायला लागले. तार सुटली. मी तावातावानं एक पाऊल मागं टाकलं.

मागं फळी होती.

पिंजरा उत्तम चालतो हे त्या दिवशी सिद्ध झालं. दार असं खाली आलं की वाढ्याचा धुरळा माझ्या डोळ्यांत गेला. समोर पाच-सहा मोबाईल वर झालेले. मी गज हलवले. दार वाकडं होऊन अडकलेलं. ते बाहेरून दोघा-तिघांनी नेट लावून उचलल्याशिवाय वर जात नाही, आणि तिथं तेवढ्या ताकदीचे कोण होते? तीच पोरं.

मारोती गजापाशी आला. हात लावला, पण उचलेना.

"मॅडम, आधी एक सांगा. कोंबडी कुणी खाल्ली?"

मी दात-ओठ खाल्ले. मग त्या बोचक्यांकडं नजर गेली आणि माझा आवाज आपोआप खाली आला. "बिबट्यानं."

"जोरात सांगा. तात्यांना कमी ऐकू येतं."

"बिबट्यानं खाल्ली. चूक माझी. तात्या, पोरांचं सामान खोलीत ठेवा. आणि आजी, तुमचं लेकरू खरं बोलत होतं."

तात्यांनी मान डोलावली. पोरं हसली, दाराला खांदे लावायला पुढं झाली. तेवढ्यात मारोतीची आई काठी टेकत आली, एका डोळ्यानं गजांतून आत बघायला लागली.

"मारोती, बिबट्या घावला का रे?"

"न्हाई, आई. मॅडम हायत."

म्हातारीनं काठी गजाला टेकवली.

"ऱ्हाऊ दे की मग जरासं. भायेर आल्या की लई वरडतेत त्या."

आणि मारोतीनं, आईचा शब्द खाली न पडू देणाऱ्या त्या गुणी पोरानं, दारावरचा हात काढून घेतला.