कोटाला लावलेले चार हजार

गल्लीत मला 'मंगळवार' म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. घराच्या पुढच्या खोलीत माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, मागच्या खोलीत आम्ही नवराबायको राहतो. पँट सैल करायची असो, चेन बदलायची असो, गिऱ्हाइकाने "कधी मिळेल?" विचारलं की माझ्या तोंडून आपोआप "मंगळवारी नक्की" असं निघतं. कोणत्या मंगळवारी, ते मी सांगत नाही. खरं तर मलाही ठाऊक नसतं.

मापात मात्र मी पक्का. गिऱ्हाईक कंबर चौतीस म्हणालं आणि टेप अडतीस म्हणाला, तर मी टेपचं ऐकतो. याच गुणावर घराचा हिशेब मी स्वतःकडे ओढून घेतला. बायकोला ते फारसं पटलेलं नव्हतं. सतरा वर्षं ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुढच्या टेबलावर बसते. नंबर पुकारते, लोकांच्या डोळ्यांत थेंब घालते, घाबरलेल्यांना धीर देते. माणूस किती पाण्यात आहे हे तिला लांबूनच कळतं. मलाही तिने तसंच ओळखलं असणार.

आमचं खातं एक आणि कार्डं दोन. कार्ड घासलं की पैसे गेले, अशी माझी समजूत होती. पण ते लगेच जात नाहीत. मी ज्याच्याकडून अस्तर, चेन आणि दोरे घेतो, तो घाऊक दुकानदार आठवड्याचे सगळे व्यवहार एकदम बँकेकडे पाठवतो, कारण रोज पाठवायचा त्याला कंटाळा. वीजबिलाला चार दिवस लागतात. औषधवाल्याचं तर त्याच्या मर्जीवर असतं. तोवर ते पैसे पाहुण्यासारखे आपल्याच खात्यात राहतात, आणि फोनवरचा आकडा बघून आपण त्यांना घरचेच समजतो.

मी तसंच समजलो. फोनवर चौदा हजार दिसले, म्हणून हौसेने वाफेची इस्त्री घेतली. तीन दिवसांनी सगळे पाहुणे एकदम उठून गेले. त्याच संध्याकाळी बायको महिन्याचं सामान आणायला गेली आणि तिचं कार्ड चालेना. मागे रांगेत तिच्याच दवाखान्यातले दोन पेशंट उभे होते. तिने टोपलीतली एकेक वस्तू स्वतःच्या हाताने जागच्या जागी ठेवली आणि रिकाम्या हाताने घरी आली.

"पैसे नाहीत, हे मला चालतं," ती म्हणाली. "आहेत असं समजून रांगेत उभं राहणं नाही चालत."

मी नव्या इस्त्रीने उगाचच एक रुमाल पाच मिनिटं दाबत बसलो.

त्यावर मी जो उपाय काढला, तो काढून झाल्यावर दोन दिवस छाती पुढे काढून फिरत होतो. मशीनच्या वरच्या फळीवर काचेची एक बरणी ठेवली. कार्ड घासलं की पावतीच्या आकड्याएवढी बटणं बरणीत टाकायची: कोटाचं काळं बटण म्हणजे हजार, शर्टाचं पांढरं म्हणजे शंभर. बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज आला की तेवढी बटणं काढून घ्यायची. फोनवरच्या आकड्यातून बरणी वजा केली की उरतील ते आपले. बायको रोज संध्याकाळी तिच्या पावत्या माझ्या हातात देई आणि मी बँकेच्या साहेबाच्या थाटात बटणं मोजून टाकी.

"चांगलं आहे," ती म्हणाली. माझ्या एखाद्या कल्पनेला तिने चांगलं म्हणण्याची ही तिसरी वेळ. त्या तिन्ही माझ्या लक्षात आहेत.

हे सगळं नीट चालणं गरजेचं होतं, कारण दहा तारीख जवळ आली होती. नजर तपासणीच्या एक वर्षाच्या कोर्सला तिला प्रवेश मिळाला होता. तो केला की ती पुढच्या टेबलावरून आतल्या खोलीत जाणार होती, मशीनपुढे. फी बावीस हजार. दहा तारखेला, शुक्रवारी सकाळी, ती खात्यातून आपोआप कापली जाणार होती. नाही कापली गेली तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. यादी लांबलचक होती. हा कोर्स तिला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी करायचा होता. मी दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत आलो.

सोमवारी एक गणिताचे मास्तर धापा टाकत दुकानात आले. तासाभरात त्यांची मुलाखत होती आणि जुन्या कोटाची चारही बटणं गळाली होती.

"आत्ताच्या आत्ता हवाय," ते म्हणाले. "मंगळवार नको."

म्हणजे माझी कीर्ती त्यांच्यापर्यंतही पोचली होती. मला झोंबलं. बटणांचा डबा कुठे दिसेना. हाताशी होती ती बरणी. त्यात काळी बटणं होती, अगदी मापाची. चार काढली, पंधरा मिनिटांत टाचून दिली. मास्तरांनी दोनशे दिले आणि मी वर वीस सुटे परत केले. आमचे चार हजार अंगावर घालून तो माणूस ऐटीत चालता झाला, आणि मी दारात उभा राहून स्वतःच्या चपळाईवर खूश होत होतो.

मंगळवारी संध्याकाळी मी हिशेब केला. फोनवर तीस हजार चारशे. बरणीत दोन काळी, सोळा पांढरी, म्हणजे तीन हजार सहाशे. फीचे बावीस हजार बाजूला काढले तरी चार हजार आठशे उरत होते! एवढे कसे उरले, असा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला वाटलं, आपली शिस्त फळाला आली.

बुधवारी मी बायकोसाठी बॅग घेतली. कोर्सला जाताना वह्या आणि डबा राहील अशी, चांगल्या शिलाईची. तीन हजार दोनशे. या दुकानाने जरा उशीर केला असता तर पुढे मी त्याला दुवा दिला असता, पण त्याने ते पैसे तिथल्या तिथे कापले. बॅग मी दहा तारखेपर्यंत कापडाच्या ठाणामागे लपवून ठेवली.

गुरुवारी सकाळी मेसेज आला: घाऊक दुकानदाराचे पाच हजार कापले. पाच काळी बटणं काढायला मी बरणी उघडली. आत दोनच.

बायको चपला घालत होती. मी कडाडलो, "बरणीतली बटणं कुणी घेतली?"

"मला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू? घरात दुसरं आहे कोण? तीन बटणं म्हणजे तीन हजार, कळतं का? एवढं साधं काम, एका बरणीला हात लावायचा नाही!"

तिने एक चप्पल काढली, शांतपणे आत आली आणि बरणी उजेडात धरून बघितली.

"कोटाची काळी बटणं मी कशाला लावीन? उशीला?" ती म्हणाली. "शेवटचा कोट कुणाचा आला होता?"

मास्तर माझ्या डोळ्यांसमोर ऐटीत चालत गेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी स्वतःच्या घरात, सकाळी साडेआठला, खिडकी उघडी ठेवून मारल्या होत्या. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. मी सगळं सांगितलं. तीन नव्हे, चार गेली होती, हेही. मग बॅग काढून पुढे ठेवली, कारण आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिने बॅगेची शिलाई बोटाने तपासली. "छान आहे," म्हणाली. मग विचारलं, "किती कमी पडतात?"

खात्यात बावीस हजार दोनशे होते. वीजबिलाचे अठराशे आणि औषधांचे आठशे अजून कापायचे राहिले होते. ते उद्या सकाळच्या आत कापले गेले तर चोवीसशे कमी.

"आणि नाही कापले गेले तर?"

"तर फी जाईल."

"म्हणजे आता माझा कोर्स बँकेच्या आळसावर अवलंबून आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने चप्पल पुन्हा घातली आणि कामावर गेली. एवढं झाल्यावर ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी बॅग घेऊन बॅगेच्या दुकानात धावलो. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, "परत घेऊ ना. पैसे सात ते दहा दिवसांत कार्डावर येतील."

जाताना एका क्षणात गेले आणि येताना दहा दिवस! मी बॅग बगलेत मारून परत आलो. जन्मभर ज्या बँकेच्या दिरंगाईला शिव्या घातल्या, तिला आज एक दिवस गाढ झोप लागू दे, अशी प्रार्थना करत मशीनवर बसलो. साडेअकराला फोन वाजला. वीजबिलाचे अठराशे कापले. बँक नेमकी त्या दिवशी लवकर उठली होती.

संध्याकाळपर्यंत चोवीसशे रोख हवे होते. उसने मागायला कुणाकडे जावं, म्हणून मान वर केली, तर समोर कपड्यांचं कपाट. चार खण, खच्चून भरलेले. प्रत्येक गाठोड्याला पावती टाचलेली, प्रत्येकावर कुठला ना कुठला मंगळवार. अर्ध्या कपड्यांना फक्त शेवटची शिलाई मारायची राहिली होती. माझेच पैसे माझ्याच कपाटात अडकून पडले होते आणि त्यांना अडकवणारा मीच.

जेवलो नाही. पाच वाजेपर्यंत नऊ कपडे उरकले आणि सायकलला लटकवून घरोघर निघालो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी कपडे पोचवायला गेलो होतो. शाळेतल्या एका बाईंनी दार उघडलं, मला बघितलं आणि घाबरून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" एका गृहस्थाची पँट मी सैल केली होती, पण दरम्यान ते बारीक झाले होते. ते म्हणाले, "राहू दे. तू ती घट्ट करून आणेपर्यंत मी पुन्हा जाड होईन." एकीने बहीण येणार म्हणून झगा टाकला होता. बहीण येऊन, महिनाभर राहून, गेलीसुद्धा. प्रत्येकाने पैसे दिले आणि त्याबरोबर एकेक वाक्यही. दोन्ही मी खाली मान घालून घेतलं.

दोन हजार चारशे पन्नास जमले. बँकेबाहेरचं पैसे भरायचं मशीन चुरगळलेल्या नोटा बाहेर फेकत होतं. मी घरी आलो आणि वाफेच्या इस्त्रीने त्या एकेक करून सपाट केल्या. इस्त्री घेतल्यापासूनचं तिचं सगळ्यात मोठं काम. पुढच्या खेपेला मशीनने सगळ्या गिळल्या.

शुक्रवारी पहाटेच जाग आली. औषधांचे आठशे रात्रीतून कापले गेले होते, म्हणजे चोवीसशे खरोखरच लागले. मी दुकान उघडलं आणि अर्धवट रिकामं झालेलं कपाट पुसायला घेतलं. सगळ्यात खालच्या खणात, मागे, एक गाठोडं दडलं होतं. पांढरा एप्रन. पावतीवरचं नाव न बघताच मी कधीतरी कापून, शिवून ठेवलेला, फक्त बटणं लावायची राहिली होती. टाचलेल्या पावतीवर बायकोचं अक्षर.

नाव: मागच्या खोलीत राहणारी. काम: कोर्सचा एप्रन, बाह्या थोड्या आखूड, बटणं पाच. तारीख दोन महिन्यांपूर्वीची, मंगळवार. आणि खाली लिहिलं होतं, "घाई नाही."

तिने गिऱ्हाइकासारखी पावती फाडली होती, कारण बायकोचं काम म्हणून ते झालं नसतं, हे तिला माहीत होतं. सतरा वर्षं मी तिचं 'घाई नाही' खरं मानत आलो होतो.

बरणीतली पाच पांढरी बटणं काढून मी एप्रनला लावली. ती उठून आली तेव्हा मी शेवटची गाठ दाताने तोडत होतो. तिने एप्रन घातला आणि गिऱ्हाइकांच्या आरशापुढे उभी राहून एकेक बटण लावलं. बाह्या बरोबर मापात होत्या.

फोन वाजला. दोघंही धावलो. बावीस हजार कापले. शिल्लक पन्नास.

पैसे गेल्याचा एवढा आनंद आमच्या घरात कधी झाला नव्हता. ती मटकन स्टुलावर बसली, हसली, डोळे पुसले. मग सुरक्षित अंतर ठेवून उभ्या राहिलेल्या माझ्या हातातून पावती घेतली. झालेल्या कामांच्या पावत्या मी एका तारेत खोचतो. तिथे ती खोचता खोचता तिने तारीख पुन्हा एकदा वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमच्यापेक्षा बँक बरी," ती म्हणाली.