केळीच्या खोडाचे शिनगार्ड

काल निंबोल्याच्या रस्त्यावर कुणीतरी केळीचं खोड नुकतंच तोडून टाकलं होतं. त्याचा ओला, तुरट वास आला आणि मी थेट कॉलेजच्या मैदानावर पोहोचलो.

आई-आबा तेव्हा दुसऱ्यांच्या बागेत केळीचे घड कापायचे. पुस्तकं कशीबशी व्हायची, खेळाच्या सामानाचं नावच नको. त्या दिवशी विद्यापीठाच्या फुटबॉल संघासाठी निवडीचा सामना होता, आणि रेफरीने मला रेषेवरच अडवलं. "शिनगार्ड नहीं, तो अंदर नहीं!" नडगीवर बांधायचं ते प्लॅस्टिक माझ्याकडे कधी नव्हतंच.

आबा सामना बघायला कामावरून तसेच आले होते, हातात कोयता. "थांब भाऊ," म्हणाले आणि शेजारच्या बागेत घुसले. घड उतरलेल्या खोडाच्या दोन जाड साली सोलून आणल्या आणि माझ्या मोज्यांत खोचल्या. नडग्यांना गारगार लागलं, बुटांत पाणी उतरलं. रेफरीने ठोकून पाहिलं आणि हसला. "चलेगा!"

"अरे, केला आया, केला!" समोरचा बॅक ओरडला. पहिल्याच धडकेत त्याची लाथ माझ्या नडगीवर बसली, फच्च! साल फुटली, पाय शाबूत. मी चेंडू घेऊन असा सुटलो, की त्याला वळायलाही वेळ मिळाला नाही. गोल! आबा कोयता उंचावून नाचत होते आणि आसपासची माणसं लांब पळत होती. तेव्हा मला फक्त गोल दिसला होता. आता डोळ्यांपुढे येतो तो आबांचा नाच.

मी विद्यापीठाकडून खेळलो, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.