मोहफुलांचा जाम

बाभुळगावच्या ब्लॉकातून आलेल्या ग्रामसेविकाबाईंनी शाळेच्या ओट्यावर जाम करून दाखवला, तेव्हा कौसल्या सगळ्यांच्या मागे उभी होती. बसायला जागा होती, पण सरकलं कोणी नाही. लाल अंबाडीची बोंडं, तेवढीच साखर, मंद आच; एवढं तिला उभ्यानेही दिसलं. शेवटी बाई म्हणाल्या, "संक्रांतीनंतर प्रदर्शन भरवू. सगळ्यांच्या बाटल्या एकाच टेबलावर, अन् सगळ्यांनी सगळ्यांचा चाखायचा."

हे शेवटचं वाक्य कौसल्येने मनात धरलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. घरातले देव गेले, पोरगी शाळेत जाऊ लागली. पण गावातल्या एकाही बाईने अजून तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. एक चमचा जाम कोणी खाल्ला असता, तर तिला खूप झालं असतं.

साखर तिच्याकडे पाव्हण्याच्या चहापुरती. गूळ घालून पाहिला, तर जाम काळा पडला आणि अंबाडीचा आंबटपणाच गेला. मग तिने बाजारातून मानीबाई कोलामणीकडची वाळली मोहफुलं आणली. निवडून, धुऊन शिजवली, फडक्यातून गाळली, रस मधासारखा दाट होईस्तोवर आटवला आणि साखरेऐवजी त्यातच अंबाडीची बोंडं शिजवली.

वासाने नवरा, धर्मपाल, चुलीपाशी आला. "काय वो हे? मोहफूल? आपण शपथ घेतली नाही का?"

"शपथ दारूची घेतली. फुलानं काय केलं तुमचं?"

त्याने बोट बुडवून चाखलं. "गोड झालं. पण लोक काय म्हणतील?"

"खाऊन म्हणू द्या."

प्रदर्शनात ग्रामसेविकाबाईंनी पहिला चमचा कौसल्येच्याच बाटलीत घातला. "वा! साखर किती घेतली हो?"

"साखर नाही, बाई. मोहफुलाचा रस आहे."

टेबलाभोवतीचे चेहरे एकदम सैल झाले. इतका वेळ प्रत्येकीच्या हातात चमचा होता आणि नाही म्हणायला कोणापाशी कारण नव्हतं. ते कौसल्येनेच आणून दिलं.

"अगं माय, दारूचं!" पाटलांच्या कांताबाईंनी पदर नाकाला लावला. "आमच्या घरात नाही चालत असलं."

त्यांचे पंजाबराव रोज दिवेलागणीला कुठे जाऊन बसतात, हे तिथल्या सगळ्याजणींना ठाऊक होतं. कोणी हसलं नाही.

"अहो, यात नशा नसते. मी खाल्ला ना!" ग्रामसेविकाबाई म्हणाल्या.

"तुमचं काय बाई, तुम्ही शहरातल्या."

कौसल्या बाटली घेऊन घरी आली. त्यानंतर वर्षभर पाव्हण्यालाही तिच्या घरी बिनसाखरेचा चहा मिळाला. पुढल्या प्रदर्शनात तिची बाटली काचेच्या बांगडीसारखी लालभडक आणि नितळ होती. तिने आपणहून सांगितलं, "नुसती साखर आहे, वो. दुसरं काही नाही."

एकीचा उपास निघाला. एकीचा घसा बसला होता. कांताबाई म्हणाल्या, "मले तर अंबाडीनं पित्त होते." आणि शेजारच्या बाटलीतला, अंबाडीचाच, चमचाभर जाम त्यांनी तोंडात घातला.

कौसल्येने झाकण घट्ट लावलं.

"असू द्या, कांताबाई. पुढच्या साली मी अजून आणतो. तुम्ही कारण शोधून ठेवजा."