मायच्या फोनचा उपोसथ

देवळीच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने मला फसवलं, आणि त्यापायी मी माझ्या मायला फसवलं. पहिल्या फसवणुकीचा जाब मला हवा आहे. दुसरीचा जाब मागणारी आता उरली नाही.

मी जुने मोटारपंप विकत घेतो, त्यांचं वायंडिंग करतो आणि विकतो. मोटारीचा शाफ्ट हाताने फिरवला की तिचं बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते मला कळतं. भाव पाडण्यात माझा हात धरणारा देवळीत कोणी नाही, आणि स्वभाव तापट आहे, हे दुसऱ्यांनी सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो. माय हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत उभी राहून दोन पोरांना वाढवत होती. एकालाच शिकवणं जमण्यासारखं होतं. दादा मोठा आणि हुशार, म्हणून तो शिकला. मी नववीतून उठून वायंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला बसलो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. दादाला सरकारी नोकरी लागली, त्याने कारंजा घाडग्याला घर बांधलं, तेव्हा त्याच्या विहिरीवरची मोटार मीच बसवून दिली.

वाईट वाटलं ते त्याच्या मुलीच्या लग्नात. त्याचा कोणी साहेब आला होता. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा आमचा लहाना. भंगाराचं पाह्यते." साहेब हसला. दादाही हसला. मी न जेवता निघालो. बसमध्ये असतानाच त्याचा फोन आला. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला आणि फोनच बंद करून टाकला, तो महिनाभर. त्याचा नंबर खोडला. नंतरची सहा वर्षं दादाचा आवाज आमच्या घरात यायचा तो फक्त मायच्या फोनमधून, आणि तो आला की मी अंगणात जाऊन बसायचो.

तो फोन मीच मायला घेऊन दिला होता. तीन वर्षांनी तो चाळीस टक्के दाखवता दाखवता बंद पडायला लागला. म्हणून मी बस स्टँडजवळच्या त्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, "भाऊ, बॅटरी बदलवा लागते."

"बदलवा लागते काऊन? फोन त चालू हाय ना?"

"चालू हाय, पण दम नाई राह्यला तिच्यात."

मी त्याचा भाव ऐकला आणि माझं डोकं फिरलं. दुकान लुटायला उघडलं का, इथपर्यंत मी गेलो. बाकीची गिऱ्हाइकं पाहत होती. तो अर्धा तास माझ्याशी झुंजला, मग कंटाळून झाकण परत लावलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

"मंग कॅलिब्रेट करा. महिन्यातून एक बार पूरा उतरवा, अपने आप बंद होऊ द्या, मंग एका दमात शंभर करा. बॅटरी तंदुरुस्त राह्यते. फुकट इलाज हाय, जा."

फुकट मिळालेली गोष्ट मी आयुष्यात कधी कमी घेतली नाही. महिन्यातून एकदा केल्याने तब्येत सुधारते, तर चारदा केल्याने चौपट सुधारेल, असा माझा हिशेब.

चार दिवस लक्षात ठेवायचे कसे, ते मायने सोडवलं. ती पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्यांना उपोसथ पाळायची. त्या दिवशी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायची आणि दुपारी बारानंतर अन्नाला शिवायची नाही. "त्या दिवशी याचाही उपोसथ," ती म्हणाली. विहारातून आली की फोनवर बाबासाहेबांची गाणी लावायची आणि भर उन्हात टॉर्च सुरू करून तो खाटेवर उताणा ठेवायची, लवकर उतरावा म्हणून. "मी बारा वाजेलोक त जेवतो," ती मला म्हणायची, "हा बिचारा जेवतच नाई. याले माह्यापेक्षा जास्त पुण्य लागते." फोन बंद पडला की पदराने पुसून चार्जिंगला लावायची.

सुरुवातीला काही दिवस टक्क्यांचा आकडा खरंच बरोबर दाखवायला लागला. मी चार लोकांना हा इलाज सांगितला. दोघांनी माझं ऐकून केलाही. असा उपोसथ दीड वर्ष चालला.

मग मायचा श्वास भरून यायला लागला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्यायला सांगितलं. घरी का नेतात, ते तिलाही समजत होतं. पौर्णिमेला तिला विहारात जाता आलं नाही. तिने खाटेवरच पांढरी साडी नेसवून घेतली, आणि फोनचा उपोसथ माझ्याकडून करून घेतला. मी तो शून्यावर नेला, रात्रभरात शंभर केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला. माय बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मी सवयीने अंगणाकडे निघालो.

"बस इथं," ती म्हणाली. मग फोनमध्ये म्हणाली, "थांब, लहान्याशी बोल." आणि फोन माझ्या हातात कोंबला. तिच्या बोटांत तेवढा जोर कुठून आला, माहीत नाही.

मी आकडा पाहिला, तो आजही डोळ्यांपुढे आहे. एक्केचाळीस. फोन कानाला लावला. पलीकडे पंखा कुरकुरत होता. दादा खाकरला.

"कसा हायेस बे?" तो म्हणाला.

सहा वर्षांत मी त्याला ऐकवायला काय काय जमवून ठेवलं होतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. शेवटी मी "दादा" म्हणालो, आणि कानाशी सगळं शांत झालं. पाहिलं तर पडदा काळा.

माझा शब्द त्याच्यापर्यंत पोचला की नाही, ते मला कळलेलं नाही.

माय माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काय म्हणे?"

"येतो म्हणे," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले आणि हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "खुर्ची पुसून ठेव त्याच्यासाठी." मी फोन चार्जिंगला लावला, आणि खुर्ची पुसून खाटेजवळ ठेवली. फोन सुरू व्हायला अर्धा तास लागला. मी दादाला लावला. पूर्ण रिंग गेली, त्याने उचलला नाही. तेव्हाही मला रागच आला. सहा वर्षांनी मी फोन करतो आणि हा उचलत नाही? मी दुसऱ्यांदा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय गेली. शेवटपर्यंत तिची मान त्या खुर्चीकडे होती.

दादा आला तो अंत्यविधीलाच. त्रिसरण म्हणताना तो पलीकडच्या बाजूला हात जोडून उभा राहिला आणि माझ्याकडे न पाहता परत गेला. आठवड्याने मावसभावाने मला सांगितलं, की दादा सगळ्यांना म्हणतो, "माय मरून राह्यली होती, तरी यानं माहा आवाज ऐकून फोन कापला. परत लावला त बंद करून ठेवलेला. तशीच सवय हाय त्याची." मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? सवय माझीच होती.

मी तो फोन घेऊन वर्ध्याला गेलो. तिथे एक मुलगी मोबाइल दुरुस्तीचं काउंटर चालवते. तिने बॅटरी बाहेर काढली. ती मधोमध पापडासारखी फुगली होती. मी उपोसथाचं सगळं सांगितलं. तिला हसू आलं नाही.

"काका, ट्रॅक्टरच्या टाकीचा काटा चुकीचा दाखवत असन त तो काटा नीट करता येते. पण त्यानं टाकीत डिझेल वाढते का?"

"नाई."

"कॅलिब्रेट म्हंजे तेवढंच. काटा नीट करनं. तेबी आकडे वेडेवाकडे दिसले, तर कधीमधी. बॅटरीची तब्येत त्यानं सुधरत नाई. उलट ह्या बॅटऱ्यांले पूरं उपाशी राह्यनं सोसत नाई. दर बारी शून्यावर नेली की ती थोडी थोडी मरते. तुम्ही त महिन्यातून चारदा नेली. मंग अशी थकलेली बॅटरी जोर पडला की एकदम बसते, आकडा काही दिसो."

तिने नवी बॅटरी टाकली. मी भाव केला नाही. त्या दुपारचा कॉल तिने यादीतून शोधून दाखवला. किती मिनिटं चालला, तेवढं त्यात होतं. मी विचारलं, "कोनं कापला ते दिसते का?"

"नाई काका. ते यात नाई दिसत."

तिथून मी थेट देवळीच्या त्या दुकानात गेलो. आवाज चढला, लोक जमले. तो म्हणाला, "भाऊ, मी पहिले बॅटरी बदलवा म्हटलं होतं ना?" म्हटलं होतं. मी नाकारत नाही. महिन्यातून एकदा म्हटलं होतं, मी चारदा केलं, तेही नाकारत नाही. पण दुरुस्तीवाले, आता तुम्हालाच सांगतो, 'बॅटरी तंदुरुस्त राह्यते' हे शब्द तुमचे. गिऱ्हाईक दुकानातून जावं म्हणून तुम्ही ते बोललात. मी गेलो, आणि ते शब्द घरी नेऊन मायच्या हातात दिले.

मला तुमच्याकडून पैसे नकोत, बॅटरी नको. माझ्याबरोबर कारंजाला चला. बसचं तिकीट मी काढतो. माझ्या दादाच्या दारात उभे राहा आणि त्याला सांगा, "त्या दुपारी फोन तुमच्या भावाने कापला नाही, फोन आपोआप मेला." माझ्यावर तो विश्वास ठेवणार नाही. तुमच्यावर ठेवील, तुमचा धंदा आहे तो.

बोला, कधी येता?