काचेवरची गुलाबी चिठ्ठी

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा सांभाळून घ्यावं. विद्यापीठात मी ज्या वर्गाची फरशी पुसते, तिथे मोबाइलचं अ‍ॅप साध्या माणसाला सोपं कसं करायचं ते शिकवतात. एका मुलीने मला साधं माणूस म्हणून खुर्चीवर बसवलं आणि तिच्या अ‍ॅपवर माझं लाइटबिल भरायला लावलं. बटण दाबलं, पडद्यावर काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. ती शेजारी बसून बघत होती. बिल दोनदा भरलं गेलं.

“ताई, सांगायचं नाही का?”

“मावशी, आम्ही मध्ये बोलायचं नसतं. तुम्ही कुठे अडता तेवढंच बघायचं.”

दूध उतू जात असेल तर वाटेवरचा परकाही हाक मारतो. ती हाक गिळायला इथे फी भरून शिकतात.

वर्गातल्या ज्या काचेवर ती मुलं बघितलेलं लिहून लावतात, तिथे तिने गुलाबी चिठ्ठी लावली: ‘मावशी गोंधळल्या.’ मला एवढं वाचता येतं, हे तिच्या ध्यानात आलं नसावं.

मला कुणाकडे तोंडाने पैसे मागता येत नाहीत. चार दिवस मी नुसती तिच्या टेबलापाशी पोछा घेऊन उभी राहिले. पाचव्या दिवशी तिने खाली मान घालून दुसऱ्यांदा गेलेल्या बिलाचे पैसे दिले. सातशे चाळीस, पूर्ण.