केस येईपर्यंत

माझे केस कमरेच्या खाली जातात. लग्नात, ऑफिसात, बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते, काय लावतेस गं? मी सांगते, लावत काही नाही, बांधताना जपते. साधं रबर वापरू नका, कापड चढवलेलं घ्या. ओले केस बांधू नका. दात मोडलेला चाप जीव जडला म्हणून ठेवू नका, फेकून द्या. एवढ्यावर बाई खूश होते. हे मी का शिकले, ते तिने विचारलेलं नसतं.

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. घर कुरवंड्याला, आणि पप्पा लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला. घरात आम्ही दोघंच उरलो. स्वयंपाक पप्पांना येत होता, पण माझ्या वेण्यांनी त्यांचा घाम काढला. शाळेत दोन वेण्या लागत, त्याही वर दुमडून. सुरुवातीला त्या प्रार्थनेलाच सुटायच्या आणि बाई मला रांगेतून बाहेर काढायच्या. मग पप्पांनी त्यांना जे येत होतं ते केलं. दुकानात पाकिटांच्या चळतीला लावतात ते बारीक पिवळे रबर खिशातून आणले आणि पाकिटं बांधतात तसे माझे केस बांधले. गाडीत कितीही हादरे बसले तरी गठ्ठा सुटता कामा नये, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. माझ्या वेण्याही पुन्हा कधी सुटल्या नाहीत.

कानशिलं इतकी ताणली जायची की भुवया वर चढायच्या. "वढतंय का गं?" पप्पा विचारायचे. मी न्हाई म्हणायचे. शेजारच्या एक आजी एकदा म्हणाल्या, "बापानं काय झ्याक वेण्या घातल्यात, आईलाबी जमल्या नसत्या." त्या दिवशी पप्पा शीळ घालत कामावर गेले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आता मी कुठल्या तोंडाने दुखतंय म्हणणार होते?

पावसाळ्यात तर विचारूच नका. आमच्याकडे तेव्हा अंथरुणसुद्धा वाळत नाही, केस कुठले वाळायला. रविवारी न्हायलेले केस सोमवारी ओलेच बांधायचे. संध्याकाळी रबर सोडवताना त्याला गुंडाळलेला केसांचा पुंजका हातात यायचा. पप्पा यायच्या आत मी तो कुंपणापलीकडे टाकून द्यायचे.

आईच्या वर्षश्राद्धाला सुदुंबऱ्याहून मावशी आली. आईची धाकटी बहीण. पाहुणे पांगल्यावर तिने मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायला घेतलं आणि तिचा हात थांबला.

"दाजी, हिकडं या जरा," ती म्हणाली. "पोरीला हितं केसच न्हाईत."

दोन्ही कानांच्या वर बोटभर पट्टा उघडा पडला होता. पप्पांनी वाकून पाहिलं. रोज सकाळी ते माझ्या मागे बसत, पण त्यांची नजर भांग सरळ आला का आणि गाठ पक्की बसली का, एवढ्यावरच. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, मीच काहीतरी मोडलंय.

डॉक्टर म्हणाले, "ओढून ओढून गेलेत. मुळं अजून आहेत. ताण थांबला तर येतील, नाही तर कायमचे गेले समजा." समोर खुर्ची होती, तरी पप्पांनी हे उभ्यानेच ऐकलं.

घरी आल्यावर मावशी म्हणाली, "केस येस्तोवर माझ्याकडं ऱ्हाऊ द्या तिला. तुमी कामाला जाता, एकट्यानं काय काय बघनार?"

"केस आलं की नेतो," पप्पा म्हणाले. मोठ्यांच्या बोलण्यातलं एवढं एकच वाक्य मी घट्ट धरून ठेवलं.

मावशीला मुलगी नव्हती, त्यामुळे तिला माझ्या केसांची भारी हौस. केस पूर्ण वाळल्याशिवाय ती कंगवा लावू द्यायची नाही. कंगवाही रुंद दातांचा, आणि गुंता टोकाकडून सोडवत वर जायचं. रबराच्या जागी जुन्या सुती साडीच्या मऊ पट्ट्या. वेणी सैल, भांग कधी मधोमध, कधी बाजूला. तिथल्या शाळेत वर्गातल्या मुली ओळीने टिकटिक पिना लावून यायच्या. मावशीने एकदा माझ्यासाठी चमकीचा हेअरबँड आणला, तो मीच परत दिला. त्याचे दात नेमके कानांच्या वर रुतत होते. एवढीशी पोर नटायला नको म्हणते, याचं तिला नवल वाटलं. मी शहाणी बिहाणी काही नव्हते. मला घरी जायचं होतं.

रविवारी पप्पांचा फोन यायचा. "आलं का?" एवढंच विचारायचे. "थोडं आलं," मी म्हणायचे, आले नसले तरी. एकदा त्यांनी सांगितलं, आईची जुनी ओढणी फाडून तिच्या तीन पट्ट्या खिडकीच्या गजाला बांधल्यात आणि सैल वेणी घालायला शिकतायत. "सुटती आजून," म्हणाले, "पर जमंल." हे मी मावशीला सांगितलं नाही. ते आमच्या दोघांचं होतं.

आधी लव आली. दिवाळीच्या सुमारास बोटांच्या चिमटीत धरता येतील एवढे केस आले. या वेळी मीच फोन लावला. म्हटलं, आलं, न्यायला या.

पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी सकाळीच पिशवी भरून दाराशी ठेवली होती. ते चहा पीत होते तेव्हाच मी चपला घातल्या. चहा झाल्यावर त्यांनी मला उजेडाला उभं केलं आणि अंगठ्याने वरचे केस मागे सारून आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी. बराच वेळ पाहिलं. मी हसत होते. माझ्या मते मी परीक्षा पास झाले होते.

पप्पांनी पिशवी उचलली आणि आत नेऊन कॉटखाली ठेवली. मग खिशातून कापडी रबरांचं नवं पाकीट काढून मावशीच्या हातात दिलं.

"हितं रोप धरलंय," ते तिला म्हणाले. "धरल्यालं रोप परत उपटू नये."

मावशीने पाकीट घेतलं. आई गेली तेव्हा मला नीट काही कळलं नव्हतं. आता सगळं कळत होतं.

"पप्पा, मला बांधता येतंय आता," मी म्हटलं. "माजं मी बांधीन. सैल बांधीन. तुमी बांधू नका."

"व्हय. बांधशील," पप्पा म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी माझ्या पायांतल्या चपला काढल्या.